कॉलमवरचं दार

१

स्वयंपाकघर बदलायचं ठरलं तेव्हा घरात माणसं तीन होती आणि मतं चार, कारण सासूबाईंचं सकाळचं मत संध्याकाळपर्यंत टिकायचं नाही. आधी त्या थोडंथोडं विसरायच्या, मग विसरलोय हेच विसरायला लागल्या. पोटच्या मुलाला कधीकधी आपला भाऊ समजायच्या. सूनबाईच्या बाबतीत मात्र कधी गफलत झाली नाही. "काय गं भवाने" अशी हाक आली की घरात सगळ्यांना कळायचं, स्वारी आज ताळ्यावर आहे. मुलाला त्या जन्मापासून 'गधड्या' म्हणत आल्या होत्या आणि त्याचं त्यालाही काही वाटेनासं झालं होतं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "त्यांच्या हातांना काम असू द्या. आणि घरातल्या वस्तूंच्या जागा हलवू नका. डोकं विसरतं, हात सहसा विसरत नाहीत."

ते खरंच होतं. ओट्यापाशी उभ्या राहिल्या की सासूबाई वेगळ्याच. न बघता हात बरोबर डब्यावर जायचा. कपाट उघडण्याआधी दारावर बोटाच्या पेराने दोनदा ठोकायच्या. ठक, ठक. कधीकाळी घरात झुरळांनी उच्छाद मांडला होता, तेव्हाची ही सवय. "आत कोणी असेल तर त्याला बाजूला व्हायला वेळ द्यावा गं," म्हणायच्या, आणि मगच दार ओढायच्या.

सूनबाई घरीच शिवणकाम करायची. मापं द्यायला बायका यायच्या, पाणी प्यायच्या आणि डोळे फिरवून स्वयंपाकघर बघून घ्यायच्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कपाटांची दारं पिवळट पडलेली. चहाच्या दाराचा कोपरा उडालेला. मिठाच्या दारावर तापलेल्या भांड्याचा काळा चट्टा. सिंकखालचं दार पाण्याने फुगून त्याचं पोट सुटलेलं, ते गुडघा मारल्याशिवाय मिटायचं नाही. नवं स्वयंपाकघर हवं म्हणून तिने वर्षभर भुणभुण लावली होती आणि नवरा दर वेळी डॉक्टरांकडे बोट दाखवायचा.

मधला रस्ता सुतारानेच काढला. "आतली खोकी तशीच ठेवू वहिनी. डबे तिथेच, जागा तीच. फक्त शटर बदलू." शटर म्हणजे कपाटाचं दार, सुतारांच्या भाषेत. सूनबाईने टाळीच वाजवायची बाकी ठेवली. सासूबाईंच्या वस्तूही हलणार नव्हत्या आणि बायकांची तोंडंही बंद होणार होती.

२

सुतार प्रामाणिक होता, म्हणजे काम घेण्याआधीच घाबरवणारा होता. "ऐकून ठेवा," तो म्हणाला. "शटर बदललं म्हणजे चेहरा बदलला. आत ओल असेल तर ओल राहणार. खोकं वाकडं असेल तर नवं दार वाकड्यावरच बसणार. जागा बोटभर वाढणार नाही. नंतर माझ्या नावाने खडे फोडू नका."

"नाही फोडत," सूनबाई म्हणाली. वरचं कापड नवं आणि अस्तर जुनं, असे कितीतरी कोट तिने स्वतः शिवून दिले होते आणि गिऱ्हाईकं खुशीत गेली होती.

अडलं ते एकाच ठिकाणी. ओट्याच्या डाव्या टोकाला माणसाच्या उंचीचं उभं कपाट होतं, किराणा ठेवायचं. उजव्या टोकाला मात्र इमारतीचा कॉलम होता, सिमेंटचा भरीव खांब. डावीकडे गुळगुळीत पांढरं दार आणि उजवीकडे बोडका खांब, हे तिच्या डोळ्यांत खुपायला लागलं. "यावरही तसंच दार बसवा ना."

"डमी लावतो. पण ते उघडणार नाही हं. मागे कॉलम आहे."

"आणि हँडलही लावा. जोडी दिसली पाहिजे."

सुताराने डोकं खाजवलं. "हँडल लावलं की माणूस ओढणार, वहिनी."

"कोण ओढतंय! आम्हाला माहीत आहे ना," असं म्हणून तिने त्याला वाटेला लावलं.

काम झालं. जुनी दारं भंगारवाला घेऊन गेला. नवी दारं इतकी गोरीगोमटी की स्वयंपाकघरात शिरलं की आपोआप चपला काढाव्याशा वाटाव्यात. त्यांच्या बिजागऱ्या आवाज करत नसत. दार ढकलून सोडलं की ते शेवटी श्वास रोखल्यासारखं सावकाश मिटायचं. नवरा तर येताजाता उघडझाप करून बघत होता. दुसऱ्याच दिवशी सिंकखालचं दार जरासं कललं आणि कपाट उघडलं की तोच जुना ओल्या लाकडाचा वास आला, पण सुताराने आधीच सांगून ठेवलं होतं. तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

सासूबाई मधोमध उभ्या राहून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत होत्या. मग त्यांनी मिठाच्या दारावरून तळवा फिरवला. खालून वर, परत वरून खाली. चट्टा शोधत होत्या. "हे कोणाचं घर गं?" त्यांनी विचारलं.

"आपलंच आहे, आई. सगळं जागच्या जागीच आहे, बघा."

त्यांनी ठक ठक केलं आणि चहासाठी साबणाचं कपाट उघडलं. मग सिंकखालचं. मग परत साबणाचं. जागा लक्षात आहेत असं सगळे समजत होते. जागा त्यांच्या कधीच लक्षात नव्हत्या. त्यांच्या लक्षात होता तो उडालेला कोपरा, चट्टा आणि फुगलेलं पोट, आणि ते सगळं भंगारात गेलं होतं.

३

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. सासूबाई ठोकत ठोकत फिरायच्या आणि रिकाम्या हाताने परत यायच्या. सूनबाईने दारांवर रंगीत बटणं चिकटवून पाहिली. सासूबाईंनी ती उपटून तिच्याच बटणांच्या डब्यात नेऊन टाकली. नवरा रात्री जेवताना हळूच म्हणाला, "हिला एखाद्या चांगल्या ठिकाणी ठेवायचं का? जिथे दिवसभर लक्ष देतील." त्याने ताटातून वर पाहिलंच नाही. सूनबाईला स्वतःचाच इतका राग आला की तिने ताट बाजूला सारलं. त्या बाईंनी तिला शिवण शिकवली होती. तिच्या हातून फाटलेलं गिऱ्हाइकाचं महागातलं कापड, चूक स्वतःच्या अंगावर घेऊन, कोणाला पत्ता लागू न देता मार्गी लावलं होतं. ते त्या दोघींखेरीज कोणालाच माहीत नव्हतं. आता त्यांना घराबाहेर काढायचं, ते कशापायी? तर पांढऱ्या दारांपायी!

एका सकाळी ती मशीनवर बसली होती. स्वयंपाकघरातून ठक ठक आलं. त्यामागून बिजागरी करकरली.

तिने पाय थांबवला. नव्या बिजागऱ्या करकरत नव्हत्या.

ती उठून गेली. सासूबाई उजव्या टोकाला, कॉलमसमोर उभ्या होत्या. हातात साखरेचा डबा होता. पत्र्याचा, निळा, झाकणावर पोचा आलेला. तो डबा सूनबाई या घरात आली त्याच वर्षी गंजला म्हणून टाकून दिलेला होता. तिनेच टाकला होता.

"हा कुठून काढलात, आई?"

"कपाटातून. आणि कुठून काढणार, तुझ्या डोक्यातून?" सासूबाई कधी नव्हे त्या खुशीत होत्या. "सापडलं बाई एकदाचं!"

सूनबाईने कॉलमवरच्या दाराचं हँडल धरून ओढलं. एक पाय भिंतीला लावून ओढलं. ते ढिम्म हललं नाही. वर ठोकलं तर मागच्या सिमेंटचा मुका, भरीव आवाज आला. डबा हातात घेतला तर तो थंड आणि ओलसर होता, आत थोडी साखर होती, आणि ओट्यावर ठेवला तिथे गंजाचं गोल कडं उमटलं.

"माळ्यावर असेल अगं," नवरा संध्याकाळी म्हणाला. माळ्यावर सासूबाई कशा चढल्या, हे तिने विचारलं नाही. कारण मग त्यानेही विचारलं असतं, की मग तुझं म्हणणं काय आहे? आणि तिचं काहीच म्हणणं नव्हतं. डोक्यात नुसता गुंता झाला होता.

४

सुतार आला. सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. त्याने दार चारी बाजूंनी तपासलं, कडेने पातळ पट्टी घालून पाहिली, कान लावला. "वहिनी, हे थेट कॉलममध्ये ठोकलंय. वर गोंद आहे. आता हे फोडूनच निघेल."

"म्हणजे उघडणं शक्यच नाही?"

"बिजागरीच नाही तर उघडेल कशाने?" मग तो जरा थांबला. "हँडल काढून टाकू का? म्हणजे घोळच नको."

ती हो म्हणणार होती. तोंडापर्यंत आलं होतं. पण तिला त्या गोऱ्या दारावर उरणारी दोन भोकं दिसली आणि उद्या माप द्यायला येणाऱ्या बाईंचे फिरणारे डोळे दिसले. "राहू दे," ती म्हणाली. "भोकं दिसतील."

५

कपडे वाळत घालायला ती गॅलरीत गेली होती, तेवढाच वेळ. आतून ठक ठक ऐकू आलं. मग तीच करकर. मग नेहमी भांडं वाजायचं, झाकण पडायचं, तसं काहीच वाजलं नाही.

ती ओला टॉवेल हातात घेऊनच आत आली. स्वयंपाकघर रिकामं. बाहेरची खोली रिकामी, न्हाणीघर रिकामं, पलंगाखालीसुद्धा वाकून झालं. बाहेरच्या दाराची कडी आतून लावलेली होती. "आई!" तिने हाक मारली, आणि आपला आवाज किती लहान मुलासारखा निघाला याची तिलाच लाज वाटली.

"काय शोधतेस, बाळ?"

सासूबाई स्वयंपाकघरात उभ्या होत्या. कॉलमला पाठ लावून. केस व्यवस्थित, पदर व्यवस्थित, चेहऱ्यावर हसू. सूनबाईने आत्ताच इथे पाहिलं होतं. पाहिलं होतं ना? घाईत माणसाचं लक्ष नसतं, कोपरा राहून जातो. तिने स्वतःला असं समजावलं आणि टॉवेल वाळत घालायला परत गॅलरीत गेली.

त्या दिवसापासून सासूबाई बऱ्या झाल्या.

थोड्याथोडक्या नाहीत, साफ बऱ्या. चहाला चहाचं कपाट, मिठाला मिठाचं. कोणाचं काय दुखतं, कोणाला काय आवडतं, सगळं तोंडपाठ. डॉक्टर म्हणाले, असं कधीकधी होतं, कारण विचारू नका, आनंद माना. नवऱ्याने मानला. पहिल्यांदा 'बाळ' अशी हाक आली तेव्हा तो मोठा घोडा दाराआड जाऊन रडला. "आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली गं," तो म्हणाला. चांगल्या ठिकाणाचा विषय परत निघाला नाही.

सूनबाईलाही बरं वाटायला हवं होतं. पण सासूबाई आता ठोकत नव्हत्या. सरळ दार उघडायच्या, आत कोणी असो नसो. शिवी नाही, टोमणा नाही. मनगटावरचा भाजल्याचा जुना डाग होता, हनुवटीवरचा तीळ होता, आवाज तोच होता. जवळून गेल्या की पदराला ओल्या लाकडाचा वास यायचा. एकदा तिने धीर करून विचारलं, "आई, ते कापड फाटलं होतं, आठवतं? तुम्ही काय सांगितलं होतं सगळ्यांना?"

सासूबाई गोड हसल्या. "नाही गं बाळ. वय झालं आता, सगळं कसं आठवणार?"

याला काय म्हणायचं? विसरल्या तर रोग आणि आठवलं तर संशय, असा कुठे न्याय असतो? तिने स्वतःलाच दटावलं, आणि त्या रात्री त्यांच्याकडे पाठ करून जेवली.

६

सकाळची कामं आवरली होती. नवरा कामावर गेला होता. सासूबाई गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होत्या, पाण्याचा आवाज येत होता. सूनबाई ओटा पुसत होती.

ठक, ठक.

डावीकडच्या किराण्याच्या कपाटातून. आतून.

तिने दार उघडलं. पिशव्या, बरण्या, जुन्या फळ्या, ओलीचा वास. मिटवलं. ते सावकाश मिटत असतानाच शेजारच्या चहाच्या दारावर झालं, ठक ठक. मग मिठाच्या. मग सिंकखालच्या. कोणीतरी आतल्या बाजूने एकेक दार चाचपत, ठोकत, थांबत पुढे चाललं होतं. ते टोकाला पोचलं आणि कॉलमच्या आतून ठोकलं.

"भवाने," आतून आवाज आला. दमलेला, चिडका, रडवेला. "अगं सगळी दारं एकसारखी केलीस की गं! माझं कुठलं ते तरी सांग."

सूनबाईच्या हातातलं फडकं गळून पडलं. भीती वाटली का? वाटली. पण त्याच्याआधी तिला रडू फुटलं. तिने मूठ आवळून कॉलमवरच्या दारावर ठोकायला सुरुवात केली. "हे, आई! हे बघा, इथे! आवाजावर या!"

"बाळ." पाठीमागून. गॅलरीतलं पाणी थांबलं होतं. "तिथे दार नाहीये. तिथे कॉलम आहे. हे फोडूनच निघेल, सुतार म्हणाला होता ना?"

सुतार म्हणाला तेव्हा सासूबाई झोपलेल्या होत्या. सूनबाईने मागे पाहिलं नाही. तिने हँडल धरलं, आधी दोनदा ठोकलं आणि मग ओढलं. बिजागरी करकरली.

दार वीतभर उघडलं. आत खांब नव्हता. नुसत्या दारांच्या मागच्या बाजू होत्या. पांढऱ्या, कोऱ्या, हँडल नसलेल्या, एकीला लागून एक, स्वयंपाकघर संपतं त्याच्या कितीतरी पुढे गेलेल्या. त्या फटीतून एक हात बाहेर आला. मनगटावर भाजल्याचा डाग होता आणि बोटांची पेरं ठोकून ठोकून सोलली होती. तिने तो हात घट्ट पकडला. त्याच क्षणी तिच्या खांद्यावर दुसरा हात पडला, मऊ, थंड. तिने तिरक्या नजरेने पाहिलं. त्याही मनगटावर डाग होता.

"सोड, बाळ," मागचा आवाज मायेने म्हणाला. "मी आहे ना."

फटीतला हात तिने सोडला नाही. तिने त्या हातासकट सगळं अंग मागे टाकलं.

ती जमिनीवर पडली तेव्हा तिच्या मांडीवर सासूबाईंचं डोकं होतं. केस विस्कटलेले, साडी ओली. समोरचं दार सावकाश, बिनआवाज मिटत होतं. मिटताना आत पदराचं टोक गेल्यासारखं तिला वाटलं. वाटलं, एवढंच. मागे वळून पाहिलं तर कोणी नव्हतं.

सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "हे कोणाचं घर गं?"

"आपलंच," ती म्हणाली आणि हुंदके देऊन रडायला लागली.

"मग रडतेस कशाला, भवाने?"

७

नवरा संध्याकाळी आला आणि आईने त्याला विचारलं, "दादा, तू कधी आलास?" तो उभ्या जागी खचला. खुर्चीवर जाऊन बसला. "एवढी बरी झाली होती," तो पुन्हापुन्हा म्हणत होता. "तू आज काही हलवलंस का इथलं?"

ती काय सांगणार? हँडल तिने दुपारीच काढून टाकलं होतं. दोन भोकं राहिली होती आणि त्यांतून ओलसर गार वारा येत होता. उद्या लांबी भरून ती बुजवायची, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

सासूबाई तिच्या कानाशी आल्या. "ती बरी होती ना गं तुम्हाला?" त्यांनी हळूच विचारलं. "सगळं लक्षात राहायचं तिच्या. मला कशाला बोलावलंस?"

सूनबाईने त्यांच्या सोललेल्या बोटांवर हात ठेवला. मग ड्रॉवरमधला पेचकस काढला आणि चहाच्या गोऱ्या दाराचा कोपरा चांगली ढलपी निघेपर्यंत उडवला. सासूबाईंनी त्यावरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

तेवढ्यात नवरा खुर्चीवरून उठला. चालत कॉलमपाशी गेला आणि त्या दोन भोकांना कान लावून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू यायला लागलं, आई बरी झाली होती त्या दिवसासारखं.

"ऐक," तो म्हणाला. "आई आहे. मला बाळ म्हणून हाक मारतेय. तुला ऐकू येतंय?"

तिला स्वच्छ ऐकू येत होतं. मायेचा, समजूतदार आवाज, काहीही न विसरलेला. तिच्या शेजारी तिच्या सासूबाई हातात रिकामा कप घेऊन उभ्या होत्या आणि मुलाकडे अनोळखी डोळ्यांनी बघत होत्या.

"नाही रे," ती म्हणाली. "तिथे कॉलम आहे."

तो हलला नाही. त्याने हात मागे केला, तिच्याकडे न बघता. "जरा पेचकस दे."

तिने पेचकस पदराआड धरला. शेजारी सासूबाईंनी उडालेला कोपरा चाचपला, दोनदा ठोकलं, आत जो कोणी असेल त्याला बाजूला व्हायला वेळ दिला आणि चहाचं कपाट उघडलं.